स्तनाच्या कर्करोगानंतर हात वर जात नाही, दुखतो: मालिश करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सासूबाई ५९ वर्षांच्या, राहणार वडोदरा, दांडिया बाजार. आधी केमो, मग साडेचार महिन्यांपूर्वी डाव्या बाजूचा पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या. त्यानंतर किरणोपचाराच्या १५ बैठका, त्या संपून अडीच महिने झाले. आता रोज लेट्रोझोलची (शरीरातलं इस्ट्रोजेन कमी करणारी) गोळी. हात खांद्याच्या वर जात नाही, काखेतून कोपरापर्यंत दोरीसारखं ताणतं, दंडाच्या आतल्या बाजूला जळजळ होते. शेजारणीने रावपुऱ्यातल्या एका मालिशवाल्या बाईंचं नाव सुचवलंय. सुनेने विचारलंय की त्यांच्याकडे न्यावं का, आणि नवरात्रात गरबा जमेल का.

मालिशवाल्या बाईंकडे नेऊ नका. हाताने करायचे उपचार मात्र जरूर करा. या दोन गोष्टींत तेलाचा किंवा डिग्रीचा फरक दुय्यम आहे. खरा फरक हा की मालिश करणारी बाई अख्ख्या हाताला एकच दुखणं समजते आणि सगळीकडे सारखाच जोर लावते. या हातात निदान चार वेगवेगळी दुखणी एकावर एक बसलेली असतात. एकाला ताण हवा असतो, दुसऱ्याला ताण दिला तर ते भडकतं.

आधी तुमच्याच माहितीतून एक गोष्ट काढू. किरणोपचाराच्या वेळी हात डोक्यामागे ठेवून निजावं लागतं, आणि त्यांच्या १५ बैठका पूर्ण झाल्या. म्हणजे अडीच-तीन महिन्यांपूर्वी हात वर जात होता. आज जात नाही, याचा अर्थ शस्त्रक्रियेने आलेला आखडलेपणा तेवढाच उरलेला नाही, नंतर नवा काहीतरी भरीला आलाय. हे नेहमीचं आहे. किरणांनी भाजलेली कातडी दोन-तीन आठवड्यांत बरी दिसते, पण आतल्या स्नायूंचं आणि पडद्यांचं घट्ट होणं तिथून पुढे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहतं. लोक बैठका संपल्या की व्यायाम सोडतात, नेमका तेव्हाच त्याची गरज वाढते.

आता कुठलं दुखणं कशाचं, ते घरीच बरंचसं ओळखता येतं. सासूबाईंना पलंगावर उताणं निजवा आणि हात हळूहळू डोक्याकडे न्यायला सांगा. ताण छातीच्या पुढच्या भागात, टाक्यांच्या वणाजवळ लागला तर छातीचे दोन स्नायू, मोठा आणि त्याच्या खालचा छोटा, आखडलेत आणि वण खाली चिकटलाय. काखेत कातडीखाली तार ताणल्यासारखी उभी राहिली, कोपर सरळ केल्यावर जास्त आणि वाकवल्यावर कमी झाली, तर ती काखेतली दोरी. मग बसवून कोपर कमरेला टेकवून ९० अंशांत वाकवायला सांगा आणि मनगट धरून तुम्ही हात बाहेरच्या बाजूला वळवा. उजवा हात सहज ६०-७० अंश जातो आणि डावा २०-३० वर अडतो, तर खांद्याच्या सांध्याचं वेष्टणच आखडलंय, ज्याला सगळे फ्रोझन शोल्डर म्हणतात. शेवटी भिंतीसमोर उभं करून दोन्ही तळवे टेकवून भिंत ढकलायला लावा आणि पाठ बघा. डाव्या खांद्याचं पातं पंखासारखं मागे उचललं गेलं तर बरगड्यांवरून खाली जाणारी मज्जातंतूची लांब शाखा दुखावली आहे. मग हात वर न जाण्याचं कारण आखडणं नसून ताकद नसणं आहे, आणि कितीही ताणलं तरी तो जाणार नाही.

दंडाच्या आतल्या बाजूची जळजळ बहुतेक वेळा दुसऱ्या बरगडीखालून निघून काखेतून जाणाऱ्या एका बारीक मज्जातंतूची असते. गाठी काढताना तो ताणला जातो किंवा कापावा लागतो. खूण ही, की तिथे बधिरपणाही असतो आणि तरी पदर नुसता घासला तरी चटका बसल्यासारखं होतं. या जागेवर रगडणं म्हणजे आगीत तेल. तिथे उलटा मार्ग लागतो. मऊ सुती कापड, त्याची सवय झाली की जरा जाड कापड, मग टॉवेल, असं पाच-पाच मिनिटं दिवसातून तीनदा, सहन होईल इतकंच फिरवायचं, म्हणजे कातडी स्पर्शाला सरावते. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या अशा दुखण्याला डॉक्टर मज्जातंतूंवरची औषधं देतात. ती मागायला संकोच करू नका, नुसत्या पॅरासिटामॉलने हे दुखणं सहसा हलत नाही.

सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडतात, गुडघे धरतात, चालल्या-फिरल्यावर सुटतात असं असेल तर तो लेट्रोझोलचा भाग आहे. तो डाव्या खांद्याच्या खाती मांडू नका, आणि गोळी परस्पर बंद तर मुळीच करू नका. बोटांची टोकं बधिर असतील तर केमोचा शेष असू शकतो. याचा व्यवहारात अर्थ इतकाच, की त्या हाताला गरम-गार नीट कळत नाही, म्हणून गरम पिशवी नको. आणि हे वेगळं सांगण्याचं कारण आपल्या बोलण्यातच आहे: वडोदऱ्यात किरणोपचारालाही सगळे ‘शेक’च म्हणतात. डॉक्टर ‘शेक झाले’ म्हणाले, की घरातलं कुणीतरी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी घेऊन येतं. किरण घेतलेल्या, बधिर झालेल्या कातडीवर फोड आल्याचंही कळत नाही.

हात लावण्याआधी काही गोष्टी नाहीत याची खात्री हवी. हात लाल, गरम आणि ताप. एकाएकी सगळा हात सुजणं किंवा निळसर पडणं. वणाजवळ नवी गाठ किंवा न भरणारी जखम. खोकल्यावर, दीर्घ श्वासावर एकाच बरगडीत कळ. कूस बदलली तरी न हलणारं, रात्री वाढत जाणारं हाडातलं दुखणं. बोटांची पकड दिवसेंदिवस सुटत जाणं. यातलं काहीही असेल तर आधी कर्करोगाच्या डॉक्टरांकडे, मग फिजिओथेरपी. रक्तातले प्लेटलेट ५०,०००च्या खाली असतील तर दाब देणारे उपचार थांबवतात. मालिश केल्याने कर्करोग पसरतो ही भीती घराघरात आहे. हलक्या हाताच्या उपचाराने तो पसरतो असा पुरावा नाही. पण जिथे गाठ आहे तिथे थेट दाबायचं नाही, आणि हाडात आजार गेलेला असेल तर तिथलं हाड हलवायचं नाही.

आता नीट केलेला उपचार कसा दिसतो ते सांगते, म्हणजे तुम्ही शेजारी बसून ओळखू शकाल. पहिल्या भेटीत अर्धा वेळ तरी मोजण्यात गेला पाहिजे: हात पुढून किती अंश, बाजूने किती, बाहेर वळवून किती, आणि दोन्ही हातांचा घेर. कागदावर आकडे नाहीत, तर महिन्यानंतर फरक पडला की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

बैठक साधारण ४० मिनिटांची. उताणं निजवून डाव्या हाताखाली उशी, म्हणजे काख अधांतरी ताणत नाही. सुरुवातीला पोटाने पाच-सहा सावकाश श्वास. हे शोभेचं नाही. या बायका शस्त्रक्रियेपासून खांदा पुढे ओढून, छाती राखून श्वास घेत असतात, आणि तशा ताठरलेल्या छातीवर हाताचा उपयोग होत नाही. मग वण. दोन बोटं वणावर सपाट ठेवायची आणि बोटं कातडीवरून न घसरवता कातडीसकट हलवायची: वर-खाली, आडवी, मग लहान गोल. दाब किती? बोटाच्या नखाचा गुलाबी रंग फिका पडेल इतका, त्याहून जास्त नाही. एखाद्या ठिकाणी कातडी बरगडीला शिवल्यासारखी हलतच नाही. तिथे अर्धा-एक मिनिट नुसतं धरून ठेवायचं, आपोआप सैल पडू लागते. जोर लावला की ती आणखी घट्ट होते. हे सासूबाईंनी घरी दिवसातून दोनदा पाच मिनिटं स्वतः करावं, आंघोळीनंतर थेंबभर खोबरेल लावून. फक्त कातडी पूर्ण भरलेली हवी, कुठे खपली किंवा ओल नको.

छोटा छातीचा स्नायू सापडणं जरा कौशल्याचं काम. काखेच्या पुढच्या घडीखालून बोटं बरगडीलगत हळूच आत सरकवतात, तिथे सुतळीसारखा दुखरा पट्टा लागतो. त्यावर स्थिर दाब, ६० ते ९० सेकंद, दुखणं दहापैकी तीन-चारच्या आत. हा सुटला की खांदा मागे पडतो आणि हात तिथल्या तिथे १०-१५ अंश जास्त जातो. कुणाचा विश्वास बसत नसेल तर आधी-नंतर मोजून दाखवावं.

दोरीबद्दल सविस्तर लिहिते, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. काखेतल्या गाठी काढल्यावर त्यांना मिळणाऱ्या लसिकावाहिन्या (हातातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि भोवतीचा पडदा कडक होऊन ही दोरी बनते, असं मानलं जातं. बहुतेकदा ती शस्त्रक्रियेनंतर दोन ते आठ आठवड्यांत दिसते आणि तीनेक महिन्यांत विरते. पण काहींची टिकते, काहींची उशिरा येते. कधी काखेतच संपते, कधी कोपराच्या खाचेत, क्वचित अंगठ्याच्या मुळापर्यंत. उपचार असा: हात उशीवर, कोपर सरळ, तळवा वर, आणि हात बाजूला फक्त इतकाच न्यायचा की दोरी नुकती दिसू लागेल. एक अंगठा काखेकडच्या टोकाशी सपाट, दुसरा तिथून चार-पाच सेंटीमीटर खाली. दोन्ही अंगठ्यांनी कातडी विरुद्ध दिशांना ओढून धरायची, दोरीवर दाबायचं नाही. ३० ते ६० सेकंदांत बोटांखाली ढिलाई जाणवते. मग दोन्ही अंगठे तसेच खाली सरकवत कोपरापर्यंत. एक फेरी झाली की हात पाच अंश वर, पुन्हा फेरी. मध्येच रुग्णाने मनगट पाच-सात वेळा वर-खाली करायचं.

कधीकधी असं करताना ‘टक्‌’ आवाज येतो, दोरी सुटते आणि हात भस्सकन वर जातो. घाबरू नका, बहुतेकांना लगेच बरं वाटतं. पण तो आवाज मुद्दाम काढायचा नसतो. हिसका देऊन दोरी ‘तोडण्याचे’ प्रयोग करणारे आहेत. त्यातून काळंनिळं पडतं, हात सुजू शकतो, आणि पुढचे पंधरा दिवस बाई हात उचलायलाच घाबरते.

सांध्याचं वेष्टण आखडलं असेल तर त्याचे झोके वेगळे. खांद्याच्या टोकाच्या जरा खाली तळहात ठेवून दंडाचं हाड पायांच्या दिशेने लयीत सरकवतात, सेकंदाला एक-दोन, अर्धा मिनिट, असं तीन-चार वेळा; मग तसंच मागच्या दिशेला. शेवटी उजव्या कुशीवर निजवून खांद्याचं पातं हाताच्या पकडीत घेऊन गोल फिरवतात. मान आणि बरगड्या मात्र कडकड वाजवायच्या नाहीत. किरणांनी बरगड्या ठिसूळ होतात, लेट्रोझोलने हाडं विरळ होतात. याच कारणासाठी हाडवैद्याकडेही नको, त्याचं नाव कितीही मोठं असो.

आणि मग सगळ्यात जास्त वाया घालवली जाणारी वेळ येते: उपचारानंतरचा तास. हाताने मिळवलेले १५ अंश हालचाल केली नाही तर दुसऱ्या दिवशी परत जातात. रिक्षातून घरी येऊन हात मांडीवर ठेवून झोपलं, की पैसे गेले. नुसत्या हाताच्या उपचाराने आलेला फरक फारसा टिकत नाही, व्यायामाला मात्र भक्कम आधार आहे. ब्रिटनमधल्या प्रॉस्पर चाचणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ३९२ बायकांचा अभ्यास झाला. शस्त्रक्रियेनंतर ७ ते १० दिवसांतच शिकवलेला व्यायाम सुरू करणाऱ्यांचा हात वर्षभरानंतर अधिक चांगला चालत होता, आणि सूज वाढली नव्हती.

घरचा व्यायाम म्हणजे भिंतीवर बोटांनी चढणं, पण तारीख टाकून पेन्सिलची खूण करायची. आधी तोंड भिंतीकडे, मग बाजूने. वर पोहोचल्यावर १५-२० सेकंद थांबायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. यात होणारी चूक नेहमी एकच: खांदा कानाकडे उचलून किंवा कमरेतून वाकून खूण वर नेतात. आरशासमोर उभं करा, लगेच दिसेल. दुसरा, पलंगावर निजून आजोबांची काठी दोन्ही हातांत धरून डोक्यामागे नेणं. उजवा हात डाव्याला नेतो. तिसरा, टॉवेलची सुरळी पाठीच्या कण्याखाली उभी ठेवून, हात दोन्ही बाजूंना पसरून दहा मिनिटं नुसतं पडून राहणं. हा दिसायला आळशी, पण किरण घेतलेल्या छातीला सर्वांत मानवणारा. कणीक मळायला हरकत नाही. आठ माणसांची एकदम नको, दोनदा मळा. केस विंचरणं, मागे हुक लावणं हे डाव्या हातानेच करायला लावा, दहा मिनिटं जास्त लागली तरी. तुम्ही मदतीला धावलात की खांदा महिनाभर मागे जातो.

‘हात जपा’ म्हणून वजन कायमचं सोडू नये. हात १२० अंशांच्या वर जाऊ लागला की अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली घेऊन सुरुवात. दहा-दहाचे दोन डाव, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि दर पंधरवड्याला थोडं वाढवायचं. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच हात सुजलेल्या १४१ बायका होत्या. बेताबेताने वजन उचलणाऱ्यांची सूज न उचलणाऱ्यांपेक्षा वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. अपाय होतो तो सहा महिने हात झोळीत ठेवून एके दिवशी गॅसचं सिलेंडर ओढण्याने.

काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, त्यासाठी मोजपट्टी घरात ठेवा. मनगटाच्या हाडापासून १०, २०, ३० आणि ४० सेंटीमीटरवर पेनने ठिपके, दोन्ही हातांचा घेर, महिन्यातून एकदा, त्याच वेळी. एखाद्या ठिकाणी दोन हातांत २ सेंटीमीटर फरक आला किंवा आकडा दर महिन्याला सरकत चालला, तर दाखवा. पट्टीच्या आधी बांगड्या सांगतात: संध्याकाळी डाव्या हातातली बांगडी अडकू लागते, ब्लाउजच्या बाहीचा वळ उमटतो. काचेच्या घट्ट बांगड्या त्या हातात नकोतच, फुटून लागतं. सूज असेल तर उपचार निराळा. तिथला हात कातडी नुसती सरकेल इतका हलका, पापणीवर बोट ठेवावं तसा, आणि क्रमही उलटा. आधी मान आणि उजवी काख मोकळी करायची, मग छातीवरून पलीकडे वाट काढायची, हात सगळ्यात शेवटी. नंतर बँडेज किंवा मापाची बाही. मालिशवाली बाई नेमकं विरुद्ध करते. बोटांपासून वर जोराने निथळवत आणते, पण काखेतली मोरी आधीच बंद आहे, तर पाणी जाणार कुठे?

बैठका आठवड्यातून दोन, सहा ते आठ आठवडे. उपचारानंतरचं दुखणं २४ तासांत उतरलं पाहिजे. उतरत नसेल तर पुढच्या वेळी जोर कमी. पाच-सहा बैठकांत आकडा हललाच नाही तर तेच करत राहू नका, निदान पुन्हा तपासायला सांगा. सयाजी हॉस्पिटलच्या आवारात सरकारी फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, तिथून सुरुवात करता येईल. कुठेही जा, दोन प्रश्न विचारा: काखेतल्या गाठी काढलेले पेशंट नियमित बघता का, आणि सूज आली तर बँडेज तुम्ही बांधता का. दुसऱ्याचं उत्तर ‘मशीन लावू’ असं आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

राहिला गरबा. नवरात्राला दीड महिना आहे, तेवढ्यात ११०-१२० अंश मिळणं अशक्य नाही. मिळाले तर सोसायटीतला संथ दोन टाळ्यांचा गरबा, पंधरा मिनिटं, मग बसायचं. टाळी छातीसमोर, डोक्यावर नाही. दांडियाची काठी यंदा नको, कुणाची तरी बोटांवर बसतेच. बाही सैल आणि सुती ठेवा, घामाने काखेत कातडी सोलते.

आणि उत्तरायण त्याहून लक्षात ठेवा. १४ जानेवारीला गच्चीवर जा, तीळगूळ खा, पण डाव्या हातात मांजा नको, फिरकीही उजव्यातच. मांज्याचा बारीक चिरा बाकीच्यांना दिसतही नाही. काखेतल्या गाठी नसलेल्या हातात त्यातून जंतू वेगाने पसरू शकतात. कापलंच तर तिथेच साबण-पाण्याने धुवा, जंतुनाशक लावा, झाका. पुढच्या दोन-तीन दिवसांत लाली पसरू लागली किंवा थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठा. त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की या हाताच्या काखेतल्या गाठी काढल्यात.